बोरतळच्या तळ्यातलं चिलट

२२ सप्टेंबर १९९३, नांदेड

अब्बांच्या दुकानात आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पाशामियाँ, लेक काय शिकते?" अब्बा घड्याळ उघडून बसले होते. डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, "मच्छरांवर पीएच.डी. करते." मी म्हटलं, मच्छर नाही. मच्छरासारखं दिसणारं चिलट. ते चावत नाही. तर गिऱ्हाईक म्हणतं, "चावत न्हाई, तर मग शिकायचं कशाला?"

प्रयोगशाळेत येऊन तनुजाला हे सांगितलं. ती इतकी हसली की खिडकीजवळच्या तिच्या स्टुलावरून पडता पडता राहिली. एम.एस्सी. होऊन यंदाच गुरुपादप्पा सरांच्या हाताखाली आली आहे. हसणं अजून शाळेतलंच.

सध्या आमचं सगळं लक्ष एका ट्रेवर आहे. तिच्या गावच्या, बोरतळच्या तळ्यातून तिने चिलटाच्या अंड्यांची एक लड आणली होती, भिजलेल्या साबुदाण्यासारखी चिकट. एकाच मादीची अंडी. त्यातल्या अळ्या आता मोठ्या झाल्यात, रक्तासारख्या लाल. त्यांच्या तोंडातले दात, शेपटीकडच्या नळ्या, सगळं पुस्तकातल्या वर्णनांशी ताडून पाहतोय. जुळत नाही. जुळत आलं असं वाटतं आणि मधला एक दात आडवा येतो.

२४ सप्टेंबर

आज पहिली चांगली स्लाइड झाली.

अळीच्या लाळेच्या ग्रंथी काढणं हे नाजूक काम. अब्बांनी जुन्या घड्याळांचं पोलाद घासून मला दोन सुया करून दिल्यात, त्याच वापरते. या ग्रंथींतली गुणसूत्रं अवाढव्य असतात. रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यापट्ट्यांच्या दोरांसारखी दिसतात. चारच दोर. पट्ट्यांचा क्रम ज्या त्या जातीचा ठरलेला. म्हणून तोंडावरून ओळख पटली नाही तर आम्ही पोटात शिरतो.

तनुजा बराच वेळ डोळा लावून बसली होती. मग म्हणाली, "आपा, हा तुकडा उलटा हाय."

मी पाहिलं. खरंच. दोराच्या मधला एक तुकडा जवळच्या जातीच्या छापील नकाशाच्या उलट होता. कुणी 'कमळ' लिहायला जावं आणि 'कळम' लिहावं, तसा. मग दुसरी अळी, तिसरी अळी. सगळ्यांत उलटाच.

"नवीन जात निघाली तर नाव काय द्यायचं?" तिने विचारलं.

"सरांचं. रीत आहे."

"गुरुपादप्पा चिलट!" म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली. सर दारात उभे होते. तेही हसले.

२७ सप्टेंबर

तनुजा गावी गेली, विसर्जनासाठी. बसस्टँडवर सोडायला गेले होते. लातूरच्या बसला पोरांची ही गर्दी, ट्रंका, गाद्या, पुस्तकांची पोती. सगळे बारावीवाले. लातुरात शिकलं की डॉक्टर होतो म्हणे. तनुजा एका गादीवरच बसली आणि खिडकीतून ओरडली, "आपा, पाणी बदला ट्रेचं! विसरू नका!"

३० सप्टेंबर

पहाटे पलंग हलला. अम्मी म्हणाली, मांजर असेल. मग मांडणीवरची भांडी खाली आली. सगळी गल्ली बाहेर. जरा वेळाने लोक आपापल्या घरात गेले, कुणी चहा टाकला.

दुपारी रेडिओने किल्लारीचं नाव घेतलं. बोरतळ किल्लारीच्या अलीकडंच आहे. पण बोरतळचं नाव घेतलं नाही.

१ ऑक्टोबर

पेपरात गावांची नावं आलीत. दोनदा वाचली. त्यात बोरतळ नाही. म्हणजे तिथे फारसं काही झालं नसणार.

ट्रेचं पाणी बदललं.

६ ऑक्टोबर

कॉलेजच्या ट्रकमधून तीन दिवस गेलो होतो. भाकरी, चादरी, मेणकापड. पाऊस सारखा. लातूरच्या पुढे वासाने कळायला लागलं.

बोरतळ पेपरात नव्हतं, कारण तिथून खबर द्यायलाच कुणी बाहेर आलं नव्हतं.

गाव म्हणून काही उरलेलं नाही. दगड आणि माती, त्यावर कुणाचं तरी दार आडवं पडलेलं. सरांनी नाव विचारत विचारत तनुजाच्या वडिलांना शोधलं. शेषेराव. झाडाखाली उकिडवे बसले होते. मी समोर गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच आपा का?"

मी मान हलवली.

"ती गेली. तिची आजीबी गेली. मी मळ्यात झोपलो हुतो." मग म्हणाले, "वरचं मातीचं माळवद जड हुतं."

तनुजाची आई, कस्तुराबाई, सोलापूरच्या दवाखान्यात आहेत. पाय गेलाय. तनुजाला अग्नी देऊन झाला होता, एकटीला नाही, पुष्कळ जणांना एकत्र. मी पोचले तेव्हा पावसाने तेही विझलं होतं.

तळ्याचा बांध फुटलाय. तळ्यात चिखल तेवढा आहे.

सर परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये तोंडावर उपरणं घेऊन बसले.

७ ऑक्टोबर

आम्ही नव्हतो तेव्हा ट्रेमधल्या अळ्यांची चिलटं झाली. जाळीला चिकटून बसली होती. नरांच्या मिशा पिसासारख्या. काही मेली होती. ही चिलटं जेवत नाहीत, तोंडच नसतं त्यांना धड. चार दिवस जगतात.

पाण्यात अंड्यांच्या नव्या लडी आहेत.

बोरतळचं तळं रिकामं झालंय. म्हणजे त्या तळ्यातलं जिवंत असं जे काही आहे ते या ट्रेमध्ये. काम वाढलंय. आता रडत बसायला वेळ नाही.

१८ नोव्हेंबर

शेषेराव काका आले होते, तनुजाचं हॉस्टेलमधलं सामान न्यायला. ट्रंक बांधून दिली. चहा मागवला. ते खिडकीजवळ बसले, ट्रेकडे बघत. मी सांगितलं की या तुमच्या तळ्यातल्याच अळ्या आहेत, तनुजाने आणलेल्या. त्यांनी ट्रेच्या काठाला बोट लावलं आणि मागे घेतलं.

शेवटची बस चुकेल म्हणून मीच आठवण केली.

९ डिसेंबर

काका पुन्हा आले. तनुजाच्या बारावीच्या मार्कमेमोची झेरॉक्स हवी म्हणाले. दिली. तरी बसून राहिले. मी आपली स्लाइडच्या कामाला लागले.

२८ डिसेंबर

आज हॉस्टेलचं ओळखपत्र. सरकारी कामाला सगळे कागद एकदाच का लागत नाहीत, कळत नाही. बोरतळहून नांदेडला यायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या, दिवस मोडतो माणसाचा. मी म्हटलं, "काका, काय लागतं ते एकदा विचारून ठेवा, मी टपालाने पाठवते." ते म्हणाले, "हाव, इचारतो."

येताना हुरडा घेऊन आले होते. दुपारभर तनुजाच्या स्टुलावर बसले. तिथे ऊन येतं, थंडीत बरं वाटत असेल.

१६ जानेवारी १९९४

नराच्या शेपटीचं काम संपलं. मादीला धरायचे जे आकडे असतात, त्यांच्यावरून जात पक्की करतात. चित्र काढलं, पुस्तकांतल्या सगळ्या चित्रांशेजारी ठेवलं. आपल्या चिलटासारखा आकडा एकाचाही नाही. दात निराळा, आकडा निराळा आणि गुणसूत्राचा तुकडा उलटा. सरांनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ बघून म्हणाले, "नवीन दिसतंय गं."

मी म्हटलं, "सर, नाव तनुजाचं देऊ."

सर म्हणाले, "दुसरं कुणाचं देणार?"

मग जरा घुटमळले आणि वेगळंच सांगितलं. ते लातूरला जाताहेत. तिथल्या एका क्लासवाल्यांनी बोलावलंय, बारावीला जीवशास्त्र शिकवायला. "मन लागत नाही इथं," म्हणाले. "पोरं असली समोर की बरं. तुझं झालं की तूही ये."

मला राग आला.

२ फेब्रुवारी

काका आले तेव्हा नावाचं सांगितलं. आधी त्यांना नीट कळलं नाही. मग मी समजावलं की जगात कुठंही, कुणीही या चिलटाबद्दल लिहिलं की तनुजाचं नाव लिहावं लागेल. कायमचं.

काका उठून उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. "कायमचं?" म्हणाले. "सरकारनं बदललं तर?"

"सरकारला बदलता येत नाही."

आज कागद कुठला हवा होता ते सांगायचंच विसरले आणि गेले.

२१ फेब्रुवारी

काकांनी ते राहतात त्या भूकंपग्रस्तांच्या शेडमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय. वस्तीवरचे लोक त्यांना विचारतात, कुठवर आलं चिलट? पण कस्तुराबाई चिडल्यात म्हणे. काका खाली बघत म्हणाले, "ती म्हनती, किड्याला माझ्या लेकीचं नाव? कुनी मारला तर?"

त्यांचा राग निवेल असं म्हटलं.

१३ मार्च, हैदराबाद

अम्मीच्या बहिणीकडे, खालाच्या घरी उतरले आहे. सरांनी जाण्याआधी इथल्या लक्ष्मम्मा मॅडमना कळवून ठेवलं होतं. त्या निवृत्त आहेत, पण चिलटांवर त्यांच्याइतकं काम आपल्याकडे फार थोड्यांनी केलं असेल. नवी जात जाहीर करण्याआधी त्यांचा संग्रह बघणं हा फक्त शिरस्ता, असं मी समजून चालले होते.

त्यांनी माझं आकड्याचं चित्र पाहिलं. आतून एक पेटी आणली. शहराबाहेरच्या तलावातली चिलटं, अजून कुठं छापलेली नाहीत. नराचा आकडा हुबेहूब तोच. पुस्तकातलं चित्र जुनं आणि चुकीचं आहे, म्हणाल्या. एका चेपलेल्या नमुन्यावरून काढलेलं.

मी म्हटलं, "आणि दात?"

"दात चिखलात झिजतात, बेटी. तुझ्या अळ्या ट्रेमध्ये वाढल्या, म्हणून त्यांचे शाबूत राहिले."

शेवटी मी उलट्या तुकड्यावर आले. तो माझा हुकमाचा एक्का होता. लक्ष्मम्मा मॅडमनी एक स्लाइड लावली आणि मला जागा दिली. दोराला मध्येच एक वळसा पडला होता, गाठ बसता बसता राहावी तसा.

मला ते वाचता येत होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. त्या अळीला एका पालकाकडून तुकडा सरळ मिळालेला, दुसऱ्याकडून उलटा. दोन्ही एकमेकांना लागून बसायला जातात तेव्हा असा वळसा पडतो. आणि अशा अळ्या त्यांच्याकडे कितीतरी होत्या, एकाच तलावात सरळवाल्या, उलटवाल्या आणि वळशाच्या. सगळी एकमेकांशी संसार करणारी. एकच जात. आधीच नाव असलेली, जुनी.

तनुजाच्या त्या एका लडीत उलटवाल्याच होत्या, एवढाच काय तो फरक. एखाद्या घरात सगळ्यांचे डोळे घारे असावेत तसा.

मॅडमनी विचारलं, "कुणाचं नाव देणार होतीस?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला. मग मला घरी जेवायला घेऊन गेल्या.

१० एप्रिल, नांदेड

सर लातूरहून रविवारचे आले होते. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दे नाव."

"सर?"

"तुझ्या सगळ्या अळ्यांत तुकडा उलटा आहे ना? तेवढ्यावर देता येतं. लक्ष्मम्मा बाई काही बोलायच्या नाहीत. कुणाचं वाईट होणार आहे? एका बापाला बरं वाटेल." सर खिडकीजवळच्या स्टुलाकडे बघत होते. "इतकं खोटं चालतं दुनियेत. आपण एक केलं तर?"

त्यांना खोटं करणारा माणूस म्हणता येणार नाही. तनुजाच्या आठवणीने त्यांच्या तोंडून ते निघालं. मलाही ते ऐकायचंच होतं, हे इथे लिहून ठेवते.

१७ एप्रिल

डबीवर लावायची चिठ्ठी लिहिली. नव्या नावाची, सुवाच्य अक्षरात. छान दिसत होतं. दिवसभर टेबलावर ठेवली.

नाव देता येईल. पण उद्या दुसरं कुणी वळशाची स्लाइड बघेल आणि रीतसर लिहील की हे नाव चुकीचं, रद्द समजावं. आमच्या शास्त्रात खोडलेली नावंही छापतात, खऱ्या नावाखाली, बारीक अक्षरात. तनुजाला तिथे ठेवायचं? तिच्यावर दगड पडलेत. आता कुणी तिच्यावर रेघ मारायची?

संध्याकाळी चिठ्ठी फाडली. अब्बा न्यायला आले होते. त्यांनी तुकडे पाहिले. रस्ताभर माझी पिशवी त्यांनीच धरली.

८ मे

बोरतळच्या शेडवर जाऊन आले. पत्रा इतका तापलेला की आत बसवत नव्हतं. कस्तुराबाईंना मी पहिल्यांदाच भेटले. चेहरा तनुजाचाच, फक्त हसणं काढून घेतलेला. कुबडी बाजूला ठेवून त्यांनी माझ्यासाठी पाणी भरून ठेवलं होतं.

मी काकांकडे बघून सगळं सांगितलं, घारे डोळे, जुनं चित्र, जुनी जात. काका ऐकत होते. मधून मधून "हाव" म्हणत होते. मला वाटलं, कस्तुराबाईंना बरंच वाटेल, त्यांना नकोच होतं. पण त्या एकदम म्हणाल्या,

"मंजे न्हाई देनार?"

"नाही देता येत, काकी."

"मी म्हनलं हुतं किड्याला नको. मग ह्यांनी सांगितलं, कायमचं असतंय. मग मी शेजारच्या भामाबाईला सांगितलं. सांजच्याला चिलटं आली दिव्याला तर मी एकाला मारत न्हाई आता." त्यांनी पदर तोंडाला लावला. "एकदा दिलेलं परत घेत्यात का कुनी?"

काका म्हणाले, "अगं, त्यांनी थोडीच घेतलं."

मग मी दुसरं सांगितलं. ते आज सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. सर गेल्यावर आमची खोली कॉलेजने दुसऱ्यांना दिली आहे. ट्रे बंद करावा लागला. मी जूनपासून लातूरला, सरांच्याच क्लासमध्ये शिकवणार आहे. प्रबंध फावल्या वेळात लिहीन, वळशासकट.

काका मला एसटीपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "कागद कुठले राहिले असतील तर सांगा, कॉलेजला सुट्टी लागण्याआधी काढून ठेवते."

"कागद न्हाई कुठले," ते म्हणाले. बस आली तेव्हा म्हणाले, "मग आता मी कुठं येऊ?"

मी लातूरचा पत्ता सांगितला.

"तिथं तिचं काय हाय?"

मी बसमध्ये चढले. बस औशाला पोचली तेव्हा सुचलं. मी आहे, एवढं तरी म्हणायला हवं होतं.

२६ जून, लातूर

क्लास भरतो एका दुकानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. पोरं दाटीवाटीने बसतात, उशिरा आलेली जिन्यावर. किनवट, हदगाव, उदगीर, कुठून कुठून येतात. हुशार आहेत, भराभर लिहून घेतात. सूक्ष्मदर्शक नाही. मी मागितला तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, पेपरात चित्रच विचारतात."

आज मी पट्ट्यांचे दोर फळ्यावर काढले आणि चिलटाचं सांगायला लागले. पहिल्या बाकावरची मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," मी म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं. मी पुसून पुढचा धडा घेतला.

सर शिकवतात तेव्हा हॉलच्या मागे उभी राहून ऐकते. मस्त शिकवतात, हातवारे करून. आता माझा त्यांच्यावर राग नाही.

१४ ऑगस्ट

आज रविवारचा जादा तास होता. गुणसूत्रांचाच धडा. अर्ध्यात लक्ष गेलं तर शेवटच्या बाकावर पांढरी टोपी. शेषेराव काका. दोन पोरांच्या मध्ये अंग चोरून बसलेले. पोरं त्यांना कुणाचे तरी वडील समजली असणार. मी शिकवत राहिले. खडू दोनदा तुटला.

तास संपला. पोरं पायऱ्यांवरून धडधडत उतरली. काका बसूनच राहिले. मी जवळ गेले. काकी कशा आहेत विचारलं. चालतात थोडं, म्हणाले. तळ्याचा बांध लोकांनी घातलाय, पाणी आलंय.

मग त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

"तनीला हे सगळं येत हुतं?"

"माझ्यापेक्षा चांगलं. तिची नजर फार पक्की होती, काका."

त्यांनी मान हलवली.

"सुट्टीला आली की सांगायला बसायची. दोर, पट्टं, काय काय. मी म्हनायचो, आधी जेव. जेवली की म्हनायचो, आता झोप." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "एकदाबी ऐकून घेतलं न्हाई मी."

खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या.

"तुम्ही मघा सांगितलं ते मला समजलं न्हाई," काका म्हणाले. "सावकाश सांगा. पहिल्यापासून."

मी फळा पुसला. काका उठून पहिल्या बाकावर येऊन बसले. मी एक अळी काढली, मोठी, फळाभर.

"ही तुमच्या तळ्यातली," मी म्हटलं आणि सांगायला लागले.